पंधरा नंबरचा डबा

गेल्या महिन्यात 'तिकीटबारी'च्या टपालात साताऱ्याहून एक पत्र आलं. नववीतल्या मुलीचं. टपोरं अक्षर, निळी शाई आणि मजकूर थेट तक्रारीचा. ती लिहिते, "तुम्ही नेहमी चांगल्या-चांगल्या चित्रपटांवर लिहिता. आमच्या वर्गात मात्र सगळे झॉम्बीचे पिक्चर बघतात. बाबा म्हणतात, त्यात नुसतं रक्त आणि आरडाओरडा. दादा म्हणतो, एकदम भारी असतात. दोघांपैकी खरं कोण, ते एकदा सांगून टाका."

बाई गं, मला कुठे अडकवतेस! 'दोघांचंही थोडंथोडं खरं' असं म्हणून मी सुटू शकले असते. पण ते म्हणजे परीक्षेत 'अ आणि ब दोन्ही' लिहून येण्यासारखं झालं. त्यापेक्षा एकच चित्रपट घ्यावा, त्याची शिवण उसवून बघावी आणि कुठला टाका पक्का, कुठला कच्चा ते सांगावं, असं ठरवलं. चित्रपट घेतला 'ट्रेन टू बुसान'. दक्षिण कोरियाचा, २०१६ सालचा. तो पाहिला माझ्या भाच्याबरोबर. वय वर्षं पंधरा, उंची माझ्यापेक्षा चार बोटं जास्त, आणि झॉम्बी या विषयातला स्वयंघोषित तज्ज्ञ.

आधीच एक सांगून ठेवते. हा चित्रपट लहानग्यांसाठी नाही. कोरियातही तो पंधरा वर्षांवरच्यांसाठीच होता. पाचवी-सहावीतल्या मंडळींनी हे पान खुशाल वाचावं, पण चित्रपट काही वर्षं राखून ठेवावा. तो कुठे पळून जात नाही.

आता झॉम्बी म्हणजे काय, ते आधी बघू. आपल्याकडे भुतांना तोटा नाही. वेताळ आहे, मुंज्या आहे, हडळ आहे, खवीस आहे, कोकणात तर दर दोन मैलांवर नवा प्रकार. पण आपल्या भुतांचं एक वैशिष्ट्य बघा. त्यांना काहीतरी हवं असतं. मुंज्याचं लग्न राहिलेलं असतं, कुणाचा जमिनीत पुरलेल्या हंड्यात जीव अडकलेला असतो. भूत झालं तरी त्याला नाव असतं, गाव असतं, गाऱ्हाणं असतं. त्याच्याशी बोलता येतं, वेळ पडली तर नारळ देऊन समजूतही काढता येते. झॉम्बीला यातलं काहीच नाही. त्याला नाव नाही, गाऱ्हाणं नाही, फक्त भूक आहे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तो कालपर्यंत तुमचा शेजारी होता.

ही कल्पना मुळात आली कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशातून. तिथे उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना मरेपर्यंत राबवलं जाई. मेल्यावरही मालक आपल्या मढ्याला उठवून पुन्हा कामाला लावील, ही तिथली भीती. म्हणजे पहिला झॉम्बी कुणाला चावत नव्हता, तो बिचारा राबत होता. १९३२ मध्ये 'व्हाइट झॉम्बी' नावाचा अमेरिकन चित्रपट आला, त्यातही हाच मंत्रानं बांधलेला नोकर. माणसं खाणारा झॉम्बी आणला तो जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकानं, १९६८ साली, 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये. कृष्णधवल, अगदी कमी पैशांत केलेला चित्रपट. एका शेतघरात काही माणसं अडकलेली आणि बाहेर मेलेले लोक चालत येतायत. गंमत म्हणजे त्या आख्ख्या चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्द कुणीच उच्चारत नाही! आणि दुसरी गोष्ट गमतीची नाही, महत्त्वाची आहे. आतली माणसं बाहेरच्या भुतांइतकीच एकमेकांशी भांडून खलास होतात. पुढच्या प्रत्येक झॉम्बीपटानं ही गोष्ट रोमेरोकडून उसनी घेतली. झॉम्बी बाहेर, आणि खरी परीक्षा आत.

रोमेरोचे झॉम्बी लंगडत चालायचे. पुढे २००२ मध्ये '२८ डेज लेटर' या इंग्लंडच्या चित्रपटातले लोक धावायला लागले. ते मेलेले नव्हते, रोग झालेले होते, पण प्रेक्षकांना तेवढा फरक कोण करायला बसलंय? तेव्हापासून पडद्यावर पळापळ वाढली आणि झॉम्बीपट हा भयपटाइतकाच ॲक्शनपट झाला.

'ट्रेन टू बुसान'ची गोष्ट थोडक्यात अशी. सॉक-वू हा सोल शहरातला लोकांचे पैसे गुंतवणारा साहेब. कामात गळ्यापर्यंत बुडालेला. त्याची छोटी मुलगी सू-आन. आई वेगळी, बुसानला राहते. वाढदिवसाला बाबा मुलीला खेळायचं यंत्र भेट देतो. मुलगी गप्प. तो वळून बघतो, तर तेच यंत्र टीव्हीशेजारी आधीच ठेवलेलं. मागे बालदिनाला यानंच दिलेलं! एका शब्दाशिवाय बाप-लेकीचं सगळं नातं आपल्याला कळतं. मुलीला वाढदिवसाला आईकडे जायचंय. नाइलाजानं बाबा तिला घेऊन पहाटेच्या गाडीत बसतो. गाडी सुटता सुटता पायाला जखम झालेली एक तरुणी धावत डब्यात चढते. झालं.

ही गाडी म्हणजे केटीएक्स, कोरियाची वेगवान रेल्वे. सोल ते बुसान अंतर चारशे किलोमीटरांहून जास्त, आणि वेळ तीन तासांच्या आत. (आपली डेक्कन क्वीन १९२ किलोमीटरला तीन तासांहून जास्त घेते. पण डेक्कन क्वीनमध्ये ऑम्लेट मिळतं, हेही विसरू नका.)

आता पक्के टाके. पहिला म्हणजे जागा. आगगाडी लांब असते पण रुंद नसते. एकाच रांगेत डबे, मधे एकच वाट. पळायचं तर पुढे किंवा मागे. बाजूला पळायची सोयच नाही. दिग्दर्शक योन सांग-हो हा मूळचा कार्टूनपटवाला, आणि माणसं घेऊन केलेला हा त्याचा पहिलाच चित्रपट. चित्रं काढणाऱ्याला कागदाच्या कडा कुठे आहेत याचं भान असतं, तसं त्याला डब्याच्या भिंतींचं आहे. कोण कुठल्या डब्यात आहे, मधे किती डबे आहेत, कुठलं दार कुठे उघडतं, हे आपल्याला सतत ठाऊक असतं. हे वाटतं तितकं सोपं नाही बरं का! पुष्कळ मारामारीच्या चित्रपटांत कॅमेरा असा हलतो की कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही. आपण फक्त आवाजावरून 'आता संपलं वाटतं' असं ठरवतो.

दुसरा टाका नियमांचा. कुठल्याही खेळाला नियम लागतात, भुतांच्या खेळालासुद्धा. इथले झॉम्बी दिसेल त्यावर झडप घालतात, पण सरकतं दार उघडायचं कसं हे त्यांना कळत नाही. दाराच्या काचेवर एक बाई पाणी मारून वर्तमानपत्राचे कागद चिकटवते, तर पलीकडचे झॉम्बी शांत! दिसत नाही म्हणजे नाहीच. मग गाडी बोगद्यात शिरते आणि दुसरा शोध लागतो, की अंधारात त्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं. हे नियम कुणी शास्त्रज्ञ पांढरा कोट घालून समजावून सांगत नाही. डब्यातली माणसं चुकतमाकत शोधतात आणि त्यांच्याबरोबर आपणही.

याच दोन टाक्यांवर चित्रपटातला सगळ्यांत सुंदर भाग बेतलाय. तीन माणसं नवव्या डब्यात आहेत. त्यांची माणसं अडकलीयत तेराव्या डब्याच्या संडासात, आणि बाकीचे वाचलेले प्रवासी आहेत पंधराव्यात. मधले डबे झॉम्बींनी भरलेले. या तिघांत एक सॉक-वू. दुसरा सांग-ह्वा, पैलवानासारखा दांडगा गडी, त्याची बायको गरोदर आहे. तिसरा शाळेच्या बेसबॉल संघातला मुलगा. बंदूक कुणाकडेच नाही. एक बॅट, एक ढाल, हातांना गुंडाळलेली चिकटपट्टी आणि सांग-ह्वाचे ठोसे. बास!

प्रत्येक डब्यात युक्ती वेगळी, हे बघा. एका डब्यात सरळ हाणामारी. पुढे बोगद्याचा अंधार. कुठे मोबाइलची घंटा वाजवून झॉम्बींना भलतीकडे वळवायचं, कुठे सामान ठेवायच्या वरच्या फळ्यांवरून श्वास रोखून सरपटत जायचं. आणि एका डब्यात तो बेसबॉलवाला मुलगा थबकतो. समोरचे झॉम्बी त्याच्याच संघातले असतात. तोच गणवेश, तेच चेहरे. त्याचा हात उचलला जात नाही. बॅट हातात आणि डोळ्यांत पाणी. मारामारीच्या चित्रपटात मारायला न येणारा एक क्षण ठेवायचा, याला धाडस लागतं. माझा भाचा तोवर 'आता मार, आता मार' करत होता. तिथे तोही गप्प झाला.

हा मुलगा झालेला नट चोई वू-शिक पुढे २०१९ च्या 'पॅरासाइट'मध्ये होता. हो, तोच, ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. दांडग्या सांग-ह्वाचं काम करणारा मा डाँग-सॉक २०२१ मध्ये मार्व्हलच्या 'इटर्नल्स'मध्ये दिसला. आणि सू-आन झालेल्या मुलीचं खरं नावही सू-आनच. तिचं काम बघताना ती अभिनय करतेय असं वाटतच नाही.

तिसरा टाका सांगते, आणि माझ्या मते तोच चित्रपटाचा कणा आहे. हा सगळा दारांचा चित्रपट आहे. पहिल्या गोंधळात पैलवान आणि त्याची बायको जीव घेऊन धावत येत असतात, आणि दार कोण लावून घेऊ बघतो? आपला नायक सॉक-वू! ते दोघे कसेबसे आत येतात. पुढे देजॉन स्टेशनवर सैन्य थांबलंय असं कळतं, तेव्हा हाच सॉक-वू ओळखीतल्या अधिकाऱ्याला फोन करून फक्त स्वतःची आणि मुलीची सोय लावतो. मुलगी म्हणते, बाकीच्यांना पण सांगू या. बाबा म्हणतो, अशा वेळी ज्यानं त्यानं आपापलं बघायचं. सू-आन मात्र म्हाताऱ्या आजीला स्वतःची जागा देणारी. संडासात लपलेल्या भणंग माणसाकडे बोट दाखवून एक साहेब तिला म्हणतो, अभ्यास केला नाहीस तर अशी होशील. ती शांतपणे उत्तर देते, असं बोलणारी माणसं वाईट असतात असं आई सांगते. वा! मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते.

तर ती तीन माणसं आणि त्यांनी सोडवलेले लोक कसेबसे पंधराव्या डब्याच्या दाराशी पोचतात. मागून झॉम्बी येतायत. आणि आतल्या लोकांनी दार बांधून ठेवलंय. का? त्या उपदेशवाल्या साहेबानं, एका बस कंपनीच्या अधिकाऱ्यानं, त्यांना पटवलेलं असतं की इतक्या डब्यांतून आलेले हे लोक रोग घेऊनच आले असणार. आतली माणसं राक्षस नाहीत. घाबरलेली आहेत. तुमच्या-माझ्यासारखी स्वेटर घातलेली, पर्स सांभाळणारी. एक शाळकरी मुलगी ओरडते, उघडा, माझा मित्र आहे बाहेर. तिला धरून ठेवतात. दार उघडायला उशीर होतो. त्या उशिराची किंमत कोण मोजतं, ते मी सांगणार नाही.

इथे भाच्यानं रिमोट दाबून चित्रपट थांबवला.

मला वाटलं, पाणी प्यायला जातोय. तो म्हणाला, "मावशी, हे आपल्या सोसायटीसारखंच आहे."

२०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा तो आमच्याकडे सुट्टीला म्हणून आलेला आणि अडकून पडलेला. तेव्हा दहा वर्षांचा असेल. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक नर्सबाई राहतात, आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणतो. त्यांची ड्यूटी करोनाच्या वॉर्डात लागली होती. एप्रिलमध्ये सोसायटीची सभा झाली, खाली पार्किंगमध्ये, सहा-सहा फुटांवर खुर्च्या मांडून. सिस्टरनी ड्यूटी संपेपर्यंत इमारतीत येऊ नये, असा ठराव. कुणीही आरडाओरडा केला नाही. सगळे अगदी सभ्यपणे बोलत होते. "त्यांच्याच भल्यासाठी", "लहान मुलं आहेत इमारतीत", असं. हात वर करा म्हटल्यावर हात वर झाले. सिस्टर पाच आठवडे हॉस्पिटलच्या वसतिगृहात राहिल्या. त्यांचा मुलगा आजीबरोबर घरी. संध्याकाळी तो बाल्कनीत उभा राहायचा आणि त्या रस्त्यापलीकडे येऊन उभ्या राहायच्या. फाटकाच्या आत नाही.

"तू पण हात वर केला होतास ना?" भाच्यानं विचारलं. "मी गॅलरीतून बघत होतो."

केला होता. सगळ्यांत आधी नाही, सगळ्यांत शेवटीही नाही. मधेच कुठेतरी, अर्धवट, कोपरापर्यंत. पण मोजणाऱ्यानं तो मोजला.

मी त्याला म्हटलं, "हो." तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं रिमोट पुन्हा दाबला. मग पुढची पाच मिनिटं पडद्यावर काय चाललं होतं ते मला दुसऱ्यांदा बघावं लागलं, हा लेख लिहायचा म्हणून.

साताऱ्याच्या बाबांना म्हणून सांगते, नुसतं रक्त आणि आरडाओरडा असलेला चित्रपट हे करू शकत नाही.

पण थांबा, दादालाही एवढ्यात जिंकू देऊ नका. कच्चे टाके आहेत, आणि एकदोन तर चांगलेच सैल आहेत.

त्या बस कंपनीच्या साहेबाचंच घ्या. तो घाबरलेला माणूस म्हणून सुरू होतो तेव्हा उत्तम जमलाय. पण पुढे दिग्दर्शकाचा हात सुटतो. साहेब स्वतः वाचण्यासाठी एकाला पुढे ढकलतो, मग दुसऱ्याला, मग आणखी एकाला. इतका, की शेवटी तो आपल्या जुन्या हिंदी चित्रपटांतला खलनायक वाटायला लागतो, फक्त मिशी पिळायची राहिलेली. याचा तोटा काय? पंधराव्या डब्यातला दोष सगळा एकट्याच्या गळ्यात पडतो. बाकीचे हात वर करणारे सुटतात. प्रेक्षकही सुटतात, 'असा नीच माणूस, आपण काही असे नाही बुवा' म्हणून. माझ्या मते चित्रपटानं इथे आपल्याला फार स्वस्तात सोडलं. शेवटाकडे त्या साहेबाच्या तोंडी लहान मुलासारखं एक वाक्य येतं आणि क्षणभर तो पुन्हा माणूस होतो. ते आधी यायला हवं होतं.

नियमांचंही तसंच. मघाशी मी नियमांचं कौतुक केलं ना? आता गंमत बघा. चावल्यावर झॉम्बी व्हायला किती वेळ लागतो? गर्दीतला कुणी असला तर पाच-दहा सेकंद. हात वाकडे, मान वाकडी, काम खलास. पण तुमच्या-माझ्या आवडीचं पात्र असलं, की त्याला निरोप घ्यायला, चार शब्द बोलायला, कुणाचा तरी हात हातात घ्यायला भरपूर वेळ! आमच्या लहानपणी हिंदी चित्रपटात गोळी लागलेला मित्र आधी बहिणीचं लग्न ठरवायचा आणि मग प्राण सोडायचा, त्याची आठवण झाली. भाचा म्हणाला, शरीरशरीरावर अवलंबून असतं. तज्ज्ञांचं हे असंच असतं.

बायकांच्या वाट्याला काय आलं, हेही बघा. गरोदर सॉन्ग-ग्यॉन्ग हुशार आहे. कागद चिकटवायची युक्ती तिचीच. पण त्यानंतर तिला करायला फारसं उरत नाही. डबे ओलांडून जायचं पुरुषांनी, वाट बघायची बायकांनी. शाळकरी मुलीला दोन वेळा ओरडायला आणि बाकी रडायला ठेवलंय. पत्र लिहिणाऱ्या मुली, तुझ्या ते लक्षात येईलच.

आणि रडवणं. कोरियन चित्रपट-मालिका बघणाऱ्यांना माहीत आहे, पियानो वाजायला लागला की रुमाल शोधायचा. इथे शेवटच्या वीसेक मिनिटांत पियानो इतका वाजतो की आपल्या आधी तोच रडतो. एक जुनी आठवण पांढऱ्या धूसर उजेडात दाखवलीय, ती नसती तरी मला रडू आलं असतं. दाखवल्यामुळे मी थोडी रागावले आणि मग रडले.

रोगाचं मूळ एका जैविक कंपनीतल्या गळतीत आहे आणि त्या कंपनीला सॉक-वूच्या गुंतवणुकीनंच जगवलेलं असतं, हा धागा मात्र उगाच गुंडाळलाय. त्याला ते फोनवर कळतं, तो बेसिनपाशी रक्त धुता धुता हुंदके देतो, आणि संपलं. यातून केवढं काही निघालं असतं! टीव्हीवर सरकार 'दंगल आटोक्यात आहे' छापाचं बोलत राहतं, तेही ओझरतंच. कॉम्प्युटरनं केलेल्या गर्दीबद्दल आमच्या घरात मतभेद आहेत. धावत्या इंजिनाला झॉम्बींची लांबच लांब साखळी लोंबकळते, ते दृश्य मला रबरी वाटलं. भाच्याला ते इतकं आवडलं की त्यानं तीनदा मागे नेऊन बघितलं.

चित्रपट चालला मात्र तुफान. २०१६ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळांच्या विभागात तो दाखवला गेला. पुढे कोरियात एक कोटी दहा लाखांहून जास्त तिकिटं खपली. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास, म्हणजे हिशेब करा. यश मिळालं की दुसरा भाग येणारच. २०२० मध्ये त्याच दिग्दर्शकानं 'पेनिन्सुला' काढला. त्यात बंदुका आहेत, ट्रक आहेत, रात्रीच्या रस्त्यांवर गाड्यांचे पाठलाग आहेत, पैसे भरलेला ट्रक पळवायचा बेत आहे. सगळं मोठं. आणि मला त्यातलं आता फारसं काही आठवत नाही. पहिल्या भागात एक सरकतं दार आणि ओला कागद होता, तो अजून आठवतो. भीतीला मैदान मोठं दिलं की ती पातळ होते, असं दिसतं.

मराठीतही एक झॉम्बीपट आहे, हे कित्येकांना माहीत नसेल. २०२२ च्या जानेवारीत आलेला 'झोंबिवली'. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, गाव अर्थातच डोंबिवली. तो हसवत हसवत घाबरवतो. एकीकडे उंच इमारतींचं नवं संकुल, दुसरीकडे पाण्यावाचून तडफडणारी वस्ती, आणि पाण्याशीच जोडलेलं संकट. त्यातला अमेय वाघ म्हणजे २०१७ च्या चित्रपटातला 'फास्टर फेणे', आणि तोही चित्रपट याच दिग्दर्शकाचा. भा. रा. भागवतांचा बन्या सायकलवरून उतरून झॉम्बींच्या घोळक्यात सापडलाय, असं समजून बघितलात तर अधिक मजा येईल. त्याच्यावर पुन्हा केव्हातरी.

'ट्रेन टू बुसान' बघणार असाल तर शक्यतो मूळ कोरियन आवाजात बघा, खाली मजकूर वाचत. दुसऱ्या भाषेतले आवाज वरून चिकटवले की सू-आनचं गाणं हातातून जातं. हो, एक गाणं आहे. सुरुवातीलाच कळतं की ती शाळेच्या कार्यक्रमात गायला उभी राहिली आणि मधेच थांबली, कारण ज्याच्यासाठी ती शिकली होती तो बाबा आलाच नव्हता. गाणं आहे 'अलोहा ओए', हवाई बेटांवरचं निरोपाचं गाणं. ते १८७८ मध्ये लिलिउओकलानी यांनी रचलं, ज्या पुढे तिथल्या राणी झाल्या. ते गाणं ती पूर्ण करते का, कुठे आणि कुणासमोर, हे बघायलाच शेवटपर्यंत थांबायचं. अंधार असतो, एक बोगदा असतो, आणि पलीकडे बंदुका रोखलेल्या माणसांना समोरून कोण येतंय ते दिसत नसतं.

चित्रपट संपल्यावर भाच्यानं दिवा लावला आणि म्हणाला, "दहापैकी आठ." मी साडेसात म्हटलं. अर्ध्या गुणावरून जेवेपर्यंत भांडण.

सिस्टर अजून तिसऱ्या मजल्यावरच राहतात. जिन्यात भेटल्या की हसतात, मीही हसते, गुडघ्याचं विचारते. तो विषय आम्ही दोघींनीही कधी काढलेला नाही. परवा त्यांच्या मुलाला आणि माझ्या भाच्याला मी गच्चीवर बसलेलं पाहिलं. माझा मोबाइल दोघांच्या मधे, आणि आवाज ओळखीचा. बोगदा आला होता वाटतं, कारण दोघंही श्वास रोखून बसले होते.